खरी नक्कल

नक्कल ह्या शब्दाला आपल्या भाषेंत फारशी प्रतिष्ठा नाहीं. परीक्षेंत नक्कल करणारा विद्यार्थी दंडास पात्र होतो, दुसऱ्याच्या शैलीची नक्कल करणारा ग्रंथकार उपहासास पात्र होतो, आणि नकली दागिना खरा म्हणून विकणारा सोनार तर उघड उघड चोरच ठरतो. परंतु ह्याच भाषेंत, आणि तीहि कचेरीच्या रुक्ष भाषेंत, 'खरी नक्कल' असा एक प्रयोग रूढ आहे. जमिनीच्या उताऱ्याखालीं किंवा न्यायालयाच्या निकालाच्या प्रतीखालीं हे दोन शब्द लिहिलेले असतात, आणि त्यांच्याखालीं सह्या असतात : एक नक्कल करणाराची, दुसरी रुजवात घेणाराची, म्हणजे ती मूळ कागदाशीं ताडून पाहणाराची. जी वस्तु मूळ नव्हे ती खरी कशी असूं शकेल, असा प्रश्न त्या कारकुनास पडत नाहीं. आपणांस तो पडावयास हरकत नाहीं. नकलेंत खरेपणा कोणत्या प्रकारचा असतो, आणि तो राखण्याची जबाबदारी कोणावर असते? ह्या प्रश्नाचा विचार कागदापेक्षां कापडाच्या आधारानें करणें अधिक सोयीचें आहे. कागदावरील नक्कल घटकाभरांत उरकते. भरतकामाच्या नकलेस टाक्यामागून टाका घालीत महिने लागतात. इतका काळ दुसऱ्याच्या इच्छेप्रमाणें हात चालवावा लागला म्हणजे मनुष्याचा प्रामाणिकपणा किती टिकाऊ आहे हें आपोआप दिसून येतें.

जुन्या काळचें भरतकाम अभ्यासून तें जुन्याच रीतीनें पुन्हां करणाऱ्या मंडळ्या आज अनेक देशांत आहेत. त्यांच्या बैठकींचें स्वरूप साधारणतः सारखेंच असतें. प्रत्येक सभासद आपण हातीं घेतलेलें काम बरोबर आणतो. तें हातांतून हातांत फिरतें, आणि जाणता पाहणारा थोड्याच वेळांत तें उलटें करून पाहतो. सुलटी बाजू कौतुकासाठीं असते. खरें काय तें पाठीवर कळतें. दोरा कोठें तोडला, कोठें न तोडतां तसाच ओढून नेला, गांठ कोठें लपविली, हें सर्व तेथें उघडें पडतें. मग दोन प्रश्न निघतात. हें कशावरून केलें? आणि मुळाहून हें कोठें वेगळें आहे? पैकीं पहिल्याचें उत्तर देण्यास वाचन पुरतें. दुसऱ्याचें उत्तर देण्यास धैर्य लागतें. कारण जेथें आपली सुई चुकली, जेथें धीर सुटला, किंवा जेथें मूळ कारागिरापेक्षां आपणांस अधिक कळतें असें वाटलें, तीं सर्व स्थळें स्वतःच्या तोंडानें सांगावीं लागतात. म्हणून ह्या मंडळ्यांचा व्यवहार वरवर पाहतां शिवणटिपणाचा दिसला, तरी त्याच्या मुळाशीं नीतीचा प्रश्न आहे. तो नीट समजण्यास एक जुनें आणि मोठें उदाहरण घेऊं.

इंग्लंडांत स्टॅफर्डशायर परगण्यांत लीक नांवाचें गांव आहे. रेशमाच्या धंद्यावर तें वाढलें. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत तेथें टॉमस वॉर्डल नांवाचे रंगाचे कारखानदार होते. हिंदुस्थानांतील टसर रेशमावर रंग कसा चढेल ह्याचा त्यांनीं मोठा अभ्यास केला होता. कवि आणि कारागीर म्हणून प्रसिद्ध असलेले विल्यम मॉरिस हे १८७५ पासून पुढें कांहीं काळ वनस्पतींच्या रंगांची विद्या आत्मसात करण्यासाठीं त्यांच्याच कारखान्यांत येऊन रंगाच्या पिंपांत हात घालीत असत. ह्या वॉर्डलांच्या पत्नी एलिझाबेथ वॉर्डल ह्यांनीं १८७९ मध्यें लीक येथें भरतकाम करणाऱ्या स्त्रियांचें एक मंडळ काढलें. १८८५ मध्यें ह्या बाईंच्या मनांत असें आलें कीं, फ्रान्सांतील बायो येथें नॉर्मन विजयाचें जें प्रख्यात भरतकाम आहे त्याची एक संपूर्ण प्रत इंग्लंडाजवळ असावी. सुमारें ३५ स्त्रिया कामास लागल्या. पुष्कळशा लीकच्या, कांहीं इतर गांवच्या. वर्षाहून थोड्याच अधिक काळांत, १८८६ मध्यें, ती प्रत पुरी झाली.

मूळ वस्तु केवढी होती हें ध्यानांत घेतल्याशिवाय ह्या उद्योगाचें मोल कळावयाचें नाहीं. बायोचें हें वस्त्र सुमारें ७० मीटर लांब आणि अर्धा मीटर रुंद आहे. त्यास विणलेला चित्रपट म्हणण्याचा प्रघात पडला आहे, पण तो चुकीचा आहे. तें विणलेलें नसून तागी कापडाच्या ९ पट्ट्या जोडून त्यांवर लोकरीच्या दोऱ्यानें भरलेलें आहे. १०६६ मध्यें नॉर्मंडीच्या विल्यमनें समुद्र ओलांडून इंग्लंडचा राजा हॅरल्ड ह्याचा हेस्टिंग्ज येथें पराभव केला, ती सर्व कथा त्यावर क्रमानें दाखविली आहे. तें विल्यमचा सावत्र भाऊ बिशप ओडो ह्याच्यासाठीं, युद्धानंतर फार काळ लोटण्यापूर्वीं, आणि बहुधा इंग्लंडांतच तयार झालें, असा विद्वानांचा सामान्य अभिप्राय आहे. आकृतींच्या कडा एका बारीक टाक्यानें काढून आंतली जागा भरण्याची त्याची रीत विशेष आहे. आधीं दोरे शेजारीं शेजारीं आडवे पसरावयाचे, त्यांवर अंतराअंतरानें उभे दोरे टाकावयाचे, आणि मग ते उभे दोरे लहान टाक्यांनीं कापडास जखडावयाचे. ह्या रीतीनें दोरा पाठीवर वायां जात नाहीं आणि मोठी जागा लौकर भरते. काटकसर आणि वेग ह्या दोन्ही गोष्टी साधणारी ही रीत कोणा आळशी राणीच्या महालांत निर्माण झालेली नसून, कामाची संवय असलेल्या हातांनीं शोधून काढलेली आहे हें उघड दिसतें.

लीकच्या स्त्रियांपुढें मूळ वस्त्र पसरलेलें नव्हतें. लंडनमधील साउथ केन्सिंग्टन संग्रहालयानें १८७२ च्या सुमारास त्या वस्त्राचीं छायाचित्रें काढवून त्यांवर हातानें रंग भरविले होते. त्यांवरून रेखाटणें करून हें काम चाललें. लोकर वॉर्डलांच्या कारखान्यांत वनस्पतींच्या रंगांत रंगविण्यांत आली. प्रत्येकीस लांबीचा एक एक भाग वांटून दिलेला होता. तीस-पस्तीस हातांनीं केलेलें काम शेवटीं एका हाताचें दिसलें पाहिजे, ही त्यांतली मुख्य अडचण. घरीं बसून रुमालावर फुलें काढणारीस आपला हात दाखविण्याची मोकळीक असते. येथें प्रत्येकीस आपला हात लपवावा लागला.

आतां पहिला आक्षेप येथेंच उभा राहतो. हें सगळें एक प्रकारचें दास्य नव्हे काय? ज्या स्त्रियांना सुई धरण्याचें एवढें कौशल्य होतें, त्यांनीं आठशें वर्षांपूर्वींच्या घोड्यांचे पाय मोजीत बसण्यापेक्षां स्वतःचें कांहीं निर्माण कां करूं नये? हा आक्षेप क्षुद्र माणसाचा नाहीं. जॉन रस्किन ह्यानें १८५३ मध्यें आपल्या व्हेनिसवरील ग्रंथांत असाच नियम सांगितला होता. कोणत्याहि प्रकारच्या अनुकरणास उत्तेजन देऊं नये, असें त्याचें मत होतें. मात्र मोठ्या कृतींची नोंद जतन करण्यापुरता त्यानें अपवाद ठेवला होता. लीकची प्रत त्या अपवादांत बसते, असें म्हणून वाद मिटवितां येईल. पण तेवढ्यानें समाधान होत नाहीं. नोंद जतन करण्याचें काम छायाचित्रांनीं पूर्वींच केलेलें होतें. सुईच्या नकलेनें त्यापलीकडे काय साधलें, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

त्याचें उत्तर बायोच्या घोड्यांत सांपडतें. त्या वस्त्रावर निळे घोडे आहेत. शिवाय पुष्कळ घोड्यांचे अलीकडील पाय एका रंगाचे आणि पलीकडील पाय दुसऱ्याच रंगाचे भरलेले आहेत. पाहणारा हंसतो आणि पुढें जातो; जुन्या लोकांस रंगांची जाण नव्हती असा निकाल तो चालतां चालतां देऊन टाकतो. भरणारीस पुढें जातां येत नाहीं. तिला तो निळा घोडा कित्येक दिवस भरावा लागतो. पहिल्या दिवशीं तिला मूळ कारागीर भोळा वाटेल. पण पलीकडचा पाय वेगळ्या रंगाचा केल्यामुळें तो आपोआप मागें सरतो, छायेचा एकहि टाका न घालतां चार पायांत अंतर दिसूं लागतें, हें दोन-चार पाय भरल्यावर तिच्या हातास कळतें. ज्यास ती अज्ञान समजली होती ती युक्ति होती. ती स्वतःचा घोडा काढावयास बसली असती तर तिनें तो तपकिरी काढला असता आणि तिला कांहींच कळलें नसतें. नकलेंत स्वतःच्या मताला कांहीं काळ रजा द्यावी लागते, हें खरें. पण ह्या रजेच्या काळांतच दुसऱ्याचें मत समजून घेण्याची संधि मिळते. दास आणि विद्यार्थी ह्या दोघांनाहि आज्ञा पाळावी लागते. दोघांतला फरक, आज्ञा पाळून झाल्यावर कोणाच्या पदरीं काय पडलें ह्यावरून ठरतो.

आपल्या प्रांतांतील एका उद्योगाचें स्मरण येथें होणें स्वाभाविक आहे; कारण त्याचा धागा त्याच संग्रहालयापर्यंत जाऊन पोंचतो. मुंबईच्या चित्रकलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स ह्यांनीं १८७२ पासून १८८५ पर्यंत आपल्या विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या भिंतींवरील चित्रांच्या नकला करविल्या. पेस्तनजी बमनजींसारखे पुढें नांवारूपास आलेले चित्रकार त्यांत होते. त्या नकला साउथ केन्सिंग्टनला पाठविण्यांत आल्या, आणि ज्या १८८५ सालीं लीकच्या स्त्रियांनीं काम आरंभिलें त्याच सालीं तेथें आग लागून त्यांपैकीं शंभरांहून अधिक नष्ट झाल्या. त्यापूर्वीं मेजर रॉबर्ट गिल ह्यांनीं केलेल्या अजिंठ्याच्या बहुतेक नकला १८६६ मध्यें लंडनच्या स्फटिकगृहास लागलेल्या आगींत अशाच जळून गेल्या होत्या. गुहांच्या काळोखांत घालविलेल्या त्या वर्षांचें काय झालें? कापड जळालें, पण मुंबईच्या तरुणांच्या हातांनीं अजिंठ्याची जी रेषा एकदां काढली ती आगीस सांपडण्याजोगी नव्हती. आणि ज्या नकला वांचल्या त्यांचें महत्त्व आज अधिकच आहे, कारण दरम्यान भिंतींवरील रंग कांहीं ठिकाणीं अधिक झडले आहेत. मूळ झिजत जातें आणि नक्कल साक्षीदार होते, असा प्रसंग येतो. साक्षीदारानें साक्ष देतांना आपली कल्पना त्यांत मिसळली असेल तर तो काय कामाचा?

येथें आपण दुसऱ्या आणि अधिक अवघड प्रश्नाकडे येतों. बायोच्या वस्त्रास वरून व खालून अरुंद किनारी आहेत. त्यांत पशुपक्षी, शेतकामें, गोष्टींतले प्रसंग आहेत, आणि अधूनमधून कांहीं नग्न पुरुषाकृति आहेत. त्या काढतांना अकराव्या शतकांतील कारागिरांनीं कसलाहि संकोच केलेला नाहीं. लीकच्या प्रतींत मात्र ह्या आकृति सभ्य झालेल्या आहेत. कोणाचे अवयव गाळलेले आहेत, तर कोणाच्या अंगावर चक्क आंखूड चड्डी आली आहे. पाहणारे अजूनहि हंसतात, आणि व्हिक्टोरिया राणीच्या काळांतील बायकांच्या सोंवळेपणावर टीका करतात. परंतु ही टीका चुकीच्या पत्त्यावर जाते. रेडिंग येथील संग्रहालय, जेथें ती प्रत आज आहे, तें सांगतें कीं ही स्वच्छता साउथ केन्सिंग्टनच्या पुरुष नोकरांनीं छायाचित्रांवर काम करतांनाच उरकून घेतलेली होती. लीकच्या स्त्रियांनीं आपणांस मिळालेलें चित्र इमानानें भरलें. चड्डी त्यांनीं भरली खरी, पण शिवली दुसऱ्यांनीं.

ह्या दोषारोपाला एक जोड आहे. १८१६ ते १८१८ ह्या काळांत चार्ल्स स्टॉथर्ड नांवाच्या इंग्रज चित्रकारानें बायोस जाऊन त्या वस्त्राचीं फार काळजीपूर्वक चित्रें काढलीं. त्याच काळांत वस्त्राचा एक लहानसा तुकडा इंग्लंडांत आला. तो पुढें साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहांत होता आणि तेथून १८७० नंतर लौकरच बायोस परत करण्यांत आला. हा तुकडा स्टॉथर्डच्या पत्नीनें कापून घेतला असा प्रवाद बरीच वर्षें चालला होता. तो निराधार असल्याचें आतां मानलें जातें. दोन्ही ठिकाणीं पुरुषाच्या हातून झालेलें कृत्य जवळ उभ्या असलेल्या स्त्रीच्या नांवावर चढलें. असें सहज होऊं शकलें ह्याचें कारण एवढेंच, कीं ज्यानें फेरफार केला त्यानें आपली सही ठेवली नव्हती. निनांवी कृत्यास जबाबदार कोण, हें मग लोकांचा पूर्वग्रह ठरवितो.

म्हणजे दोष नेमका कोठें आहे? नग्न आकृति झांकणें हाच दोष, असें कोणी म्हणतील. माझें मत थोडें निराळें आहे. आपल्या घरच्या भिंतीवर काय लावावें, शाळेंतील मुलींपुढें काय ठेवावें, हें ठरविण्याचा अधिकार प्रत्येक काळास आहे. एखाद्या मंडळानें आपल्या प्रतींतून अमुक आकृति वगळल्या तर तिला मी अपूर्ण नक्कल म्हणेन, खोटी म्हणणार नाहीं. पण वगळल्याची खूण ठेवली पाहिजे. जागा कोरी सोडावी, निराळ्या रंगाचा दोरा वापरावा, निदान कांठावर चार अक्षरें भरावींत. न सांगतां केलेला फेरफार मूळ कारागिरास त्याचे विचार बदलावयास लावतो, आणि तो मेलेला असल्यामुळें त्याला तक्रार करतां येत नाहीं. जिवंत मनुष्याच्या तोंडीं आपले शब्द घालणें हा अन्याय आहे, हें आपण जाणतों. मृताच्या बाबतींत तो अन्याय मोठा होतो, लहान होत नाहीं.

आपल्या पोथ्या लिहिणाऱ्यांना हें पूर्णपणें ठाऊक होतें. जुन्या हस्तलिखितांच्या शेवटीं लेखक बहुधा असें सांगून टाकतो कीं, जसें समोर होतें तसें मीं लिहिलें आहे. शुद्ध असो वा अशुद्ध, दोष मला देऊं नये. ही नुसती अंग काढून घेण्याची भाषा नव्हे. चूक दिसली तरी ती आपल्या अधिकारांत दुरुस्त केली नाहीं, असें तें प्रतिज्ञापत्र आहे. ज्ञानेश्वरीच्या शेवटीं सच्चिदानंदबाबांचें नांव लेखक म्हणून येतें तेंहि ह्याच नात्यानें; ग्रंथ कोणाचा ह्याविषयीं तेथें लेशमात्र घोटाळा नाहीं. आणि पुढें पाठ बिघडले तेव्हां एकनाथांनीं शके १५०६ मध्यें, म्हणजे इ. स. १५८४ मध्यें, शुद्ध प्रत सिद्ध केली; पण ती केल्याचें त्यांनीं उघड सांगितलें, काळ नोंदविला, आणि पुढें कोणी आपल्या ओंव्या त्यांत घालूं नयेत असें बजावून ठेविलें. स्वतः कवि असलेल्या मनुष्यानें दुसऱ्याच्या ग्रंथाच्या दारांत असा पहारा करावा, ह्यांत त्याच्या कवित्वाचा कमीपणा कोणास दिसेल?

येथें एक विचारी वाचक म्हणेल : मूळ, मूळ असें आपण म्हणतां खरें, पण मूळ म्हणजे कोणतें? शंका योग्य आहे. बायोच्या वस्त्राची एकोणिसाव्या शतकांत बरीच डागडुजी झाली. हॅरल्डच्या मृत्यूच्या प्रसंगीं एका योद्ध्याच्या डोळ्यांत बाण शिरलेला आज दिसतो, आणि राजा डोळ्यांत बाण लागून मेला ही कथा इंग्लंडांतल्या प्रत्येक मुलास पाठ असते. परंतु १७२९ च्या सुमारास काढलेल्या चित्रांत त्या योद्ध्याच्या हातीं पिसें नसलेली नुसती सरळ रेषा आहे. पिसें स्टॉथर्डच्या चित्रापासून दिसूं लागतात. तेथें बाण होता कीं भाला, ह्यावर विद्वानांत वाद आहे. लीकच्या स्त्रियांनीं बाण भरला. त्यांनीं अकराव्या शतकाची नक्कल केली कीं एकोणिसाव्या शतकांतील रफूची? बहुधा दोहोंचीहि. तथापि ह्यावरून खऱ्या नकलेचा आदर्श खोटा ठरत नाहीं; उलट त्याची गरज वाढते. ज्यानें ती रफू केली त्यानें जुन्या टाक्यांच्या छिद्रांपाशीं आपली खूण ठेवली असती, तर आज हा वादच नव्हता. १९८२-८३ मध्यें वस्त्राचें अस्तर काढून त्याची पाठ तपासण्यांत आली, तेव्हां उजेडापासून वांचलेले मूळचे रंग तेथें अधिक ताजे आढळले. काम उलटें करून पाहण्याची जी संवय आपण आरंभीं पाहिली, तिचें महत्त्व ह्यावरून ध्यानांत येईल. मूळ कोणतें हें पूर्णपणें कधीं कळणार नाहीं. पण प्रत्येकानें आपला थर वेगळा ओळखूं येईल असा ठेवला, तर पुढचा मनुष्य निदान एक थर खालीं उतरूं शकतो.

आतां तिसरा प्रश्न. बायोच्या वस्त्राचा शेवट नाहींसा झाला आहे. इंग्रज सैन्य पळतें आहे, आणि तेथेंच कापड फाटलेलें आहे. विल्यमचा राज्याभिषेक १०६६ च्या नाताळांत झाला. कथा तेथपर्यंत जात असावी असा तर्क आहे. ही उणीव भरून काढावी काय? चॅनेल बेटांपैकीं ऑल्डर्नी ह्या लहानशा बेटावरील लोकांनीं ती भरून काढली. बेटावरील शेंकडों लहानथोरांनीं, कोणी फार, कोणी दोन-चार टाके, असें करीत सुमारें तीन मीटर लांबीचा शेवट जुन्याच रीतीनें भरला. २०१३ मध्यें तो पुरा झाला व बायो येथेंहि दाखविण्यांत आला. वर सांगितलेल्या कडक नियमानें पाहूं गेल्यास हें कृत्य सर्वांत गर्ह्य ठरावें. कारण येथें झांकणें नाहीं, बदलणें नाहीं, जें नाहींच तें निर्माण करणें आहे. आणि तरीहि त्यांत मला दोष दिसत नाहीं. तो तुकडा वेगळा आहे, वेगळा म्हणूनच दाखविला जातो, कोणीं आणि केव्हां केला हें सर्वांस ठाऊक आहे. दुसऱ्याचें वाक्य आपण पुरें करूं शकतों, मात्र येथून पुढें मी बोलतों आहें असें आधीं सांगितलें पाहिजे. लपवून घातलेली लहानशी चड्डी आणि उघडपणें जोडलेला तीन मीटरांचा शेवट, ह्यांत पहिलीनेंच सत्याची हानि अधिक होते. लबाडीचें माप लांबीनें घ्यावयाचें नसतें.

शेवटीं एका गोष्टीचा उल्लेख करावयाचा राहिला आहे. बायोच्या वस्त्रावर राजे, सरदार, बिशप ह्यांचीं नांवें भरलेलीं आहेत. मुख्य पट्ट्यांत शेंकडों पुरुष आहेत आणि स्त्रिया अवघ्या तीन. आणि ज्यांनीं तें भरलें त्यांचें एकहि नांव त्यावर नाहीं. पुढें लोकांनीं तें काम विल्यमची राणी मातिल्डा हिच्या नांवावर चढविलें. म्हणजे खऱ्या करणाऱ्यांचें नांव नाहीं तें नाहींच, वर एका न करणारीचें लागलें. लीकच्या प्रतींत ह्याच्या उलट आहे. तेथें प्रत्येक भागाखालीं तो भरणारीचें नांव टाक्यांनींच भरलेलें आहे. कोणास वाटेल कीं, जेथें स्वतःची कल्पना काडीमात्र नाहीं तेथें सही करण्याचा हा हव्यास कशाला? मला ह्या नांवांत हव्यास दिसत नाहीं. कचेरींतील खऱ्या नकलेखालीं कारकून सही करतो ती जमीन आपली म्हणून करीत नाहीं. उतारा चुकला तर मला विचारा, एवढाच तिचा अर्थ. लीकच्या स्त्रियांचीं नांवें ह्याच जातीचीं आहेत. सबंध वस्त्रांत फक्त चड्डी भरविणाराचें नांव नाहीं, आणि त्या वस्त्रांतील खोटेपणाहि बरोबर तेवढ्याच जागेंत आहे.

ही प्रत पुढें इंग्लंडांत व बाहेर ठिकठिकाणीं दाखविण्यांत आली. १८९५ मध्यें आर्थर हिल नांवाच्या गृहस्थानें ती विकत घेऊन रेडिंग शहरास दिली. खरें पाहतां तींत सुमारें पस्तीस जणींच्या सह्या आहेत, पण रुजवात घेणाराची सही नाहीं. कारण मूळ समोर नसल्यामुळें ती कोणी देऊं शकत नव्हतें. हें दुसरें काम त्यांच्या मागून येणाऱ्यांकडे आलें आहे. आज जुन्या भरतकामाच्या एखाद्या मंडळींत कोणी सभासद आपलें काम पुढें ठेवतो आणि दुसरा तें उलटें करून मुळाहून हें कोठें वेगळें आहे असें विचारतो, तेव्हां रुजवातच चाललेली असते. एकट्या मनुष्यास हें काम नीट साधत नाहीं, कारण स्वतःच्या टाक्याविषयीं प्रत्येकाचा डोळा दयाळू असतो. म्हणूनच मंडळी जमवावी लागते. मागच्या पिढ्यांकडून आपणांस भाषा मिळते, आचार मिळतो, पूर्वजांच्या गोष्टी मिळतात. हें सर्व आपण नकलूनच पुढें देतों, आणि देतांना कोठें झांकतों, कोठें रफू करतों, कोठें नसलेला शेवट जोडतों. ह्यांतलें कांहींहि करूं नये असा नियम कोणासहि पाळतां येणार नाहीं. मात्र जेथें हात फिरविला तेथें आपलें नांव भरून ठेवणें प्रत्येकाच्या हातांत आहे, आणि तेवढें केलें तर पुढील पिढीस, हें कोणीं केलें, असें विचारतांना भलत्याच मनुष्याकडे बोट दाखवावें लागणार नाहीं.